अजिंक्यपद राखण्याची बिकट वाट

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'सुपर बोल' जिंकणे अवघड, पण पुढच्या वर्षी ते राखणे त्याहूनही अवघड, असे मानले जाते. आकडे याला पुष्टी देतात. १९६७ मध्ये पहिला सुपर बोल झाला. तेव्हापासून लागोपाठ दोन वर्षे हा चषक जिंकण्याची किमया केवळ आठ संघांनी साधली आहे. लागोपाठ तीन वर्षे तो कोणालाच जिंकता आलेला नाही. यात दैवाचा भाग असतोच; परंतु खरे कारण 'एनएफएल' या ३२ संघांच्या व्यावसायिक लीगच्या रचनेतच दडलेले आहे.

फिलाडेल्फिया ईगल्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे ईगल्सने कन्सास सिटी चीफ्सला ४०-२२ असे नमविले. चीफ्सचे सलग तिसऱ्या विजेतेपदाचे स्वप्न त्या रात्री भंगले आणि गतविजेतेपदाचे ओझे ईगल्सच्या खांद्यावर आले.

पहिला अडसर पैशाचा. लीगने १९९४ पासून प्रत्येक संघाच्या खेळाडूंवरील वार्षिक खर्चाला कमाल मर्यादा घातली आहे. २०२५ साठी ही मर्यादा सुमारे २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. मालक कितीही धनाढ्य असला, तरी त्याला ती ओलांडता येत नाही. विजेत्या संघातील खेळाडूंचा भाव मात्र एका रात्रीत वाढतो. साहजिकच सर्वांना राखणे अशक्य होते. ईगल्सच्या बचाव फळीतील मिल्टन विल्यम्सला न्यू इंग्लंड पेट्रियट्सने चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलरचा करार देऊ केला. जॉश स्वेट अ‍ॅरिझोनाकडे गेला. अंतिम सामन्यात चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सला जेरीस आणणारी फळी अशी विखुरली.

दुसरा अडसर नव्या खेळाडूंच्या निवडीचा. महाविद्यालयांतून येणाऱ्या गुणवान खेळाडूंची निवड करताना तळाच्या संघाला पहिली संधी, तर विजेत्याला प्रत्येक फेरीत शेवटची संधी मिळते. सामन्यांचा कार्यक्रमही यशस्वी संघाला झुकते माप देत नाही. साखळीतील १७ पैकी तीन सामने आदल्या वर्षी आपापल्या गटात त्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी होतात. म्हणजेच गटविजेत्याची गाठ गटविजेत्यांशी पडते.

तिसरा अडसर प्रशिक्षकांचा. यशस्वी संघातील सहायक प्रशिक्षकांना इतर संघ मुख्य प्रशिक्षक म्हणून पळवितात. ईगल्सच्या आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे केलन मूर सुपर बोल आटोपताच न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०१८ मध्ये ईगल्सने पहिला सुपर बोल जिंकला, तेव्हाही हेच घडले होते. त्या वेळी फ्रँक राइक इंडियानापोलिसला गेले आणि पुढील हंगामात ईगल्सला साखळीत ९ विजय व ७ पराभवांवर समाधान मानावे लागले.

चौथा अडसर शरीराचा. विजेत्यांचा हंगाम लांबतो, विश्रांती घटते. विजेतेपदाच्या वर्षी ईगल्स एकूण २१ सामने खेळले. त्या वर्षी साखळीत २००५ यार्ड धावलेल्या सेक्वॉन बार्कलीने बाद फेरीसह चेंडू घेऊन ४३६ वेळा धाव घेतली, म्हणजे तेवढ्या वेळा तो प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीवर आदळला. २०२५ च्या साखळीत त्याची मजल ११४० यार्डांपर्यंतच गेली. त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा अनुभवी लेन जॉन्सनही पायाच्या दुखापतीमुळे हंगामाच्या उत्तरार्धात मैदानाबाहेर राहिला.

तरीही ईगल्सने ११ सामने जिंकून आपला गट राखला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात मात्र जानेवारी २०२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना २३-१९ असे घरच्या मैदानावर रोखले. दुसरीकडे, २०२४ मध्ये १७ पैकी अवघे चार सामने जिंकणारा पेट्रियट्सचा संघ, मिल्टन विल्यम्ससह, पुढच्याच वर्षी थेट अंतिम फेरीत पोहोचला. व्यवस्थेचा हेतू याहून स्पष्ट कशाने होणार?

फेब्रुवारी २०२६ मधील त्या अंतिम सामन्यात सिअ‍ॅटल सीहॉक्सने पेट्रियट्सवर २९-१३ अशी मात केली. गतविजेत्यांची वाट आता सीहॉक्सच्या वाट्याला आली. विजयाचा जल्लोष ओसरण्याआधीच त्यांच्या आक्रमणाचे सूत्रधार क्लिंट कुबियाक यांना लास व्हेगास रेडर्सने मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले. म्हणून २०२६ च्या हंगामात सीहॉक्सची कसोटी केवळ प्रतिस्पर्ध्यांशी नाही. विजेत्याला खाली खेचणाऱ्या आणि पराभूताला हात देणाऱ्या व्यवस्थेशीही त्यांचा सामना आहे. ही व्यवस्था विजेत्यांना जाचक वाटते खरी. पण तिच्यामुळेच तळाच्या संघाचा पाठीराखाही दर सप्टेंबरमध्ये नव्या आशेने मैदानाकडे वळतो.