रोजमेळात नसलेले स्वयंपाकघर

गल्ल्यात दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत आपण वही मिटत नाही. खरेदी भाव, हमाली, तूट, उधारी यांचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. पण घरातील सहा माणसांच्या जेवणाला आठवड्याला किती रुपये लागतात असे विचारले, तर मिळते ते उत्तर हिशेबाचे नसते, अंदाजाचे असते; आणि तो अंदाज बहुधा चार-पाच वर्षांपूर्वीच्या भावांवर बेतलेला असतो.

माझ्या परिचयातील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी सासरे दर सोमवारी थोरल्या सुनेच्या हाती ३,५०० रुपये देत. “एवढ्यात आमचे घर व्यवस्थित चालते,” असे ते आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. प्रत्यक्षात पैसे शनिवारीच संपत. उरलेली भर सून भाऊबीज-राखीच्या ओवाळणीतून साठवलेल्या पैशांतून घालत असे, आणि हे दोन वर्षे चालले होते. वाढवून मागावे तर उधळेपणाचा ठपका येईल, या धास्तीने ती बोलत नव्हती. अशी घरे आपल्यात थोडी नाहीत.

यातली पहिली चूक दुकानाचीच आहे. गहू, डाळी, साखर, तेल दुकानातून घरी येते. त्याचे ना बिल होते, ना नोंद. म्हणून ते फुकट वाटते. वास्तविक घरी नेलेला माल खरेदी भावाने मालकाच्या उचल खात्यात पडला पाहिजे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातही घरवापराच्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तेव्हा ही नोंद कायद्याच्या दृष्टीनेही हवीच.

दुसरी चूक परक्या घराचे माप आपल्याला लावण्याची. काटकसरीचे जे तक्ते सर्वत्र छापून येतात, त्यांचा कणा कांदा-बटाटा असतो. स्वस्त, टिकाऊ, पोटभरीचा. आपल्याकडे कंदमूळ वर्ज्य; त्याची जागा दुधी, दोडका, कोबी, कच्ची केळी यांना भरून काढावी लागते, आणि त्यांचे भाव ऋतूप्रमाणे वर-खाली होतात. उलट तिथींना हिरवी भाजी येतच नाही. शुद्ध पंचमी, दोन अष्टमी, दोन चतुर्दशी अशा पाच तिथी पाळणाऱ्या घरात महिन्याचे पाच दिवस कढी, गट्टे, पापडाची भाजी, मूग-मठ यांवर जातात. दहा तिथी पाळणाऱ्या घरात दहा. त्या दिवशी भाजीवाल्याचे पैसे वाचतात. मात्र बेसन, दही आणि तूप अधिक लागते. चातुर्मासात अनेक घरांतून पालेभाज्याही जातात. तेव्हा आठवड्याचा आकडा ठरवताना शेजारी पंचांग उघडे हवे. दोन तिथींचा आठवडा आणि तिथी नसलेला आठवडा एकसारखा असू शकत नाही.

“एकदम घ्या, स्वस्त पडते” हा सल्लाही आपल्याला अर्धाच लागू पडतो. गहू उन्हाळ्यात वर्षाचा भरावा, एरंडेल लावून कोठीत ठेवावा. ते आपल्या घरांचे जुने शहाणपण आहे. पण पीठ तसे भरता येत नाही. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा थंडीत ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची मानली आहे. श्वेतांबर परंपरेत मिठाई-पक्वान्नाचा काळ हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवसांचा. सवलतीच्या मोहाने पावसाळ्यात घेतलेला मोठा डबा काळ उलटला की अभक्ष्य ठरतो, आणि सवलत तिथेच संपते.

खरी गळती मात्र पातेल्यात असते. रात्र उलटलेली पोळी, भात, भाजी आपण खात नाही. दुसऱ्या घरी उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो. आपल्याकडे तो हिशेबातून गेला. त्यातून दुकानातील माणूस सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचला नाही, तर त्याच्या वाटणीचे जेवणही गेले. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारते आणि ती तर गिऱ्हाइकाची वेळ. संध्याकाळी कोण जेवणार आहे हे चारपर्यंत स्वयंपाकघरात कळवणे, किंवा पाचला दुकानात डबा पोहोचवणे, यातून जेवढी बचत होते तेवढी भाजीवाल्याशी घासाघीस करून होत नाही. हे काम पुरुषांचे आहे, बायकांचे नव्हे.

तपश्चर्येच्या दिवसांत खर्च घटतो, हीही एक समजूत. आयंबिलाच्या ओळीत घटतो खरा; दूध, तूप, तेल, गूळ काहीच नसते. पण घरात कोणी अठ्ठाई केली की सुखसाता विचारायला येणाऱ्यांची रीघ लागते, पुढे पारणे असते. गोचरीसाठी मात्र वहीत वेगळी रक्कम मांडू नये. साधू-साध्वींसाठी म्हणून केलेला आहार त्यांना चालतच नाही. घरच्या रांधण्यातूनच तो वाहेरला गेला पाहिजे.

आता आकडे. सहा आठवडे काहीही न बदलता, काहीही न वगळता नुसते लिहावे. वर त्या किराणा व्यापाऱ्याचे घर सांगितले, तिथे सुनेच्या दिराने हा उद्योग केला, तेव्हा चित्र असे निघाले: रोज तीन लिटर दूध ६० रुपयांप्रमाणे, आठवड्याला १,२६०, भाजी व फळे सरासरी १,६००, तूप ७००. पारणी, पाहुणे, दिवाळीचा फराळ मिळून वर्षाला २६,०००, म्हणजे आठवड्याला ५००. एवढ्यातच ४,०६० झाले. दुकानातून आलेला माल खरेदी भावाने वर्षाला ७८,००० रुपयांचा, म्हणजे आठवड्याला १,५००. एकूण ५,५६०. भाग ५२ ने द्यायचा, ४८ ने नव्हे. महिन्याचे चारच आठवडे धरणाऱ्याच्या हिशेबातून वर्षाकाठी चार आठवड्यांचे जेवण गळते.

आकडा ठरला की तो आठवड्याच्या आरंभी, न मागता द्यावा. उरले तर परत मागू नये; पुढे पर्युषण असतेच. दर तीन महिन्यांनी, विशेषतः चातुर्मास लागताना आणि उठताना, तो पुन्हा तपासावा.

सासऱ्यांनी ती वही दोनदा बेरीज करून पाहिली. मग सुनेला विचारले, “हे आधी का नाही सांगितलंस?” ती गप्प राहिली. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही कधी विचारलं होतं?”

त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी खतावणीत सुनेच्या नावे नवे खाते उघडले आणि आठवड्याला ५६० प्रमाणे १०४ आठवड्यांचे ५८,२४० रुपये तिथे जमा मांडले.