वर्गमित्रांची ख्यालीखुशाली आणि आपली तब्येत

या वेळी आरोग्याच्या पानावर विषय घेतला आहे तो निवृत्त झालेल्या वर्गमित्रांचा. हा विषय इथे कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या वस्तीत आज साठी ओलांडलेली जी माणसे आहेत, त्यांच्या रक्तदाबाशी, झोपेशी आणि स्मरणशक्तीशी या विषयाचा जवळचा संबंध आहे. तो कसा, ते आम्ही सोप्या भाषेत सांगतो.

ही पिढी कोणती?

जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, १९४५ साली सुरू झालेले अमळनेरचे प्रताप महाविद्यालय, धुळ्यातली महाविद्यालये आणि बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय. खानदेशातल्या वस्त्यांमधली कितीतरी घरांतली पहिली पदवीधर मुले अशा ठिकाणी शिकली. आपल्याकडचे विद्यापीठ १९९० साली झाले. त्याआधी जळगाव-धुळ्याची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून आज सत्तरीत असलेल्यांच्या पदवीवर पुण्याचे नाव दिसते. सरकारी शिष्यवृत्ती, वसतिगृहातली खोली आणि एका पुस्तकावर चौघांचा अभ्यास, असे दिवस काढून ही मुले पुढे एस.टी.त, भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, दीपनगरच्या वीज केंद्रात, बँकेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत लागली.

आता ती सगळी घरी बसली आहेत. कोणी जळगावात, कोणी धुळ्यात, कोणी मुलाकडे पुण्याला किंवा कल्याणला. मोबाईल आल्यापासून हरवलेले वर्गमित्र पुन्हा सापडू लागले आहेत. सकाळी ‘जयभीम’ येतो, मग बातम्या सुरू होतात. कोणी अजिंठ्याला जाऊन आला, कोणी बोधगयेचा फोटो टाकला, कोणाला नात झाली, कोणी साठीनंतर पेटी शिकायला घेतली. घरातले लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना काय मोबाईलचे वेड लागले! आम्ही म्हणतो, त्यात तब्येतीचा मोठा फायदा आहे.

एकाकीपणाने शरीराचे काय होते?

नोकरी असते तेव्हा दिवसाला एक घडी असते. ठरल्या वेळी उठणे, बस पकडणे, दहा माणसांशी बोलणे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पगार थांबतोच, पण हे चालणे-बोलणेही थांबते. पुरुषांना हे जास्त जाणवते, कारण त्यांच्या बहुतेक ओळखी कामावरच्याच असतात.

एकटे राहणे आणि एकाकी वाटणे यात फरक आहे. एखादी आजी एकटी राहते, पण शेजारणींत मिसळलेली असते; ती एकाकी नाही. एखादे आजोबा आठ माणसांच्या घरात राहतात, पण दिवसभर त्यांच्याशी कोणी दोन वाक्ये बोलत नाही. ते एकाकी आहेत. असे वाटणे महिनोन्‌महिने टिकले तर शरीर सतत सावध राहते, जणू धोका समोर उभा आहे. ताणाचे संप्रेरक वाढते, झोप मोडते, रक्तदाब वर जातो. माणूस चालणे कमी करतो, जेवण टाळतो, गोळ्या चुकवतो. तंबाखू किंवा दारू वाढते, ती वेगळीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली या विषयावर अहवाल काढला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असे त्यात म्हटले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनेक पाहण्या एकत्र तपासल्यावर, माणसांचा संबंध कमी असलेल्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २९ टक्के आणि पक्षाघाताचा सुमारे ३२ टक्के जास्त दिसला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यात रक्तदाब आणि मधुमेहाच्या जोडीला माणसांपासून तुटणे हेही एक कारण आहे.

जुन्या मित्राशी बोलताना मेंदू कामाला लागतो. वसतिगृहातल्या मेसवाल्याचे नाव आठवायचे, कोण कुठल्या बाकावर बसायचे ते सांगायचे, समोरच्याचे ऐकून उत्तर द्यायचे, हा मेंदूचा व्यायामच आहे. जुना वर्गमित्र आपल्याला ‘आजोबा’ किंवा ‘साहेब’ म्हणत नाही. तो ‘कसा शे रे भाऊ?’ म्हणतो. त्याने आपल्याला एका जोडी कपड्यावर पाहिलेले असते, त्याच्यापुढे काही लपवावे लागत नाही. धम्मात कल्याणमित्र हा शब्द आहे. आपल्या भल्याची काळजी करणारा आणि वेळेला टोकणाराही मित्र, असा त्याचा अर्थ. साठीनंतर प्रत्येकाला असा एक तरी हवा.

प्रवासाच्या बातम्या: जा, पण तयारीने

एस.टी.त ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. आधार कार्ड सोबत ठेवावे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० साली बंद झाली. त्यामुळे भेट ठरवताना एस.टी.ने जाता येईल असे ठिकाण सोयीचे. अजिंठा जळगावहून साधारण ६० किलोमीटर आहे. सोमवारी लेणी बंद असतात. धुळ्याजवळ लळिंगचा लांडोर बंगला आहे. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याला आले तेव्हाची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. वर्गमित्रांनी भेटायला याहून चांगला दिवस कोणता?

निघण्यापूर्वी एवढे पाहा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात विशेष जपावे. वापरात असलेले इन्सुलिन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत टिकते, आणि एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण स्टॅंडवरच्या मुताऱ्या वापरण्यासारख्या नसतात. काही जण लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी त्या दिवशी टाळतात. दोन्ही धोक्याचे आहे. पाणी कमी पडले की चक्कर येते, लघवीला जळजळ होते. गोळी चुकली की रक्तदाब चढतो. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. सहलीचे नियोजन करणाऱ्यांनी दर दोन तासांनी चांगल्या ठिकाणी थांबा ठेवावा. त्यात पायही मोकळे होतात. तासन्‌तास पाय लटकवून बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहा.

साखरेची गोळी घेऊन उपाशी निघू नये. दशमी आणि चटणी बांधून घेतली की वेळेवर खाता येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच दोन-तीन चमचे साखर किंवा गूळ खावा. लेण्यांच्या पायऱ्या चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकदम धाप असे झाले तर ‘गॅस असेल’ म्हणून बसू नका. तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा.

घरच्या बातम्या: जो गप्प आहे त्याच्याकडे पाहा

आता या पानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. वर्गमित्रांत कोणाचा मुलगा परदेशात आहे, कोणाची मुलगी डॉक्टर झाली. अभिनंदन झालेच पाहिजे. आईबापांनी खस्ता खाल्ल्या आहेत. पण त्याच वर्गातल्या एखाद्याचा मुलगा पदवी घेऊन घरी बसलेला असतो. कोणाचा जावई दारूपायी गेलेला असतो. कोणी खासगी कंपनीत होता, त्याला पेन्शन नाही. कोणाची बायको गेली, कोणाच्या गुडघ्यांनी उठवत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखी गोड बातमी नसते. तो आधी लिहिणे कमी करतो, मग बंद करतो, भेटीला ‘मी काय करू येऊन?’ म्हणतो.

हे गप्प होणे ओळखा. म्हातारपणातले नैराश्य रडण्याने कमी दिसते. झोप पहाटे तीनला उडणे, भूक मरणे, सतत अंग दुखणे, आवडते काम सोडून देणे, ‘माझे आता काय उरले’ असे बोलणे, हे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अशा मित्राला सल्ल्याची यादी पाठवू नका. फोन करा, आणि शक्य असेल तर घरी जा. मरणाचे बोलणे निघाले तर त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना सांगा आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. घरात छळ, जेवणाची आबाळ किंवा पेन्शन हिसकावून घेण्याचा त्रास असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला आहे. त्याखाली प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो.

गप्प असण्याची आणखी दोन कारणे तपासा. एक, ऐकू न येणे. चार माणसांत बोलणे कळत नाही म्हणून माणूस लाजेने मागे बसतो आणि लोक म्हणतात, तो शिष्ट झाला. कानाची तपासणी करून श्रवणयंत्र घेतले की तोच माणूस पुन्हा हसू लागतो. दुसरे, विसर. किल्ली कुठे ठेवली हे विसरणे वयाचे आहे. रोजचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न तासात पाच वेळा विचारणे हे वयाचे नाही, डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि ते बरे होऊ शकते.

वर्गातल्या मुलींचाही शोध घ्या. लग्नानंतर आडनाव बदलले, गाव बदलले, त्यामुळे त्या यादीतून गळल्या. अनेक जणी निवृत्तीनंतर नातवंडांच्या मागे पूर्ण वेळ लागल्या आहेत. त्यांची स्वतःची तपासणी राहूनच जाते. आणि जो पहिल्या वर्षाला पैशांअभावी कॉलेज सोडून मजुरीला गेला, तोही तुमचा वर्गमित्रच. त्याला बोलावल्याशिवाय वर्ग पुरा होत नाही.

छंदाच्या बातम्या

पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालावे, आठवड्यात दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, एवढेही चालते. पडून खुब्याचे हाड मोडणे हे म्हातारपणातले मोठे संकट आहे, ते याने टळू शकते. भीमगीते गाणाऱ्याचा श्वासाचा व्यायाम होतो. कुंडीत मेथी लावणाऱ्याला उठबस घडते. विहारात मुलांची शिकवणी घेणाऱ्या निवृत्त शिक्षकाला सकाळी उठायला कारण मिळते. छंद महागडा लागत नाही. तो रोजचा लागतो आणि माणसांतला असला तर अधिक चांगला.

मोबाईलवरच्या औषधांबद्दल एक सूचना. ‘हा काढा प्या, साखरेची गोळी कायमची बंद’ असे मजकूर वर्गमित्र प्रेमाने पुढे पाठवतात. पाठवणारा ओळखीचा म्हणून आपण विश्वास ठेवतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नका, आणि असा मजकूर पुढे पाठवू नका.

या महिन्यात काय कराल?

वर्गाची जुनी यादी काढा. प्रत्येकाने दोन नावे घ्यावीत आणि आठवड्यातून एकदा त्यांना स्वतः फोन करावा. ज्यांचे वय ७० पूर्ण झाले त्यांची आयुष्मान वय वंदना कार्डे काढून द्या; त्यात उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पुढच्या भेटीला रक्तदाब आणि साखर तपासणीसाठी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विनंती करून बोलवा. आणि घरातल्या तरुणांनो, आजोबा मोबाईलवर मित्रांशी हसत बोलत असतील तर बोलू द्या. अक्षर लहान दिसत असेल तर ते तेवढे मोठे करून द्या.