साठच का?

एस.ई.ला असताना सर्व्हेइंगच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, "या थिओडोलाइटचा लीस्ट काउंट किती?" मी छाती फुगवून म्हणालो, "२० सेकंद." लगेच पुढचा बॉल आला, "एका अंशाची मिनिटं साठच का? शंभर का नाहीत?" मी म्हणालो, "सर, पुस्तकात तसंच दिलंय." सर नुसते हसले आणि माझी विकेट पडली!

उत्तर शोधत मी पोचलो थेट इराकमध्ये, तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांमधल्या प्रदेशात. ५,००० वर्षांहूनही आधी इथे सुमेरियन लोकांची उरुकसारखी शहरं होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली ती कविता करायला नव्हे, तर धान्य, मेंढ्या आणि बिअरचा हिशेब ठेवायला. ओल्या मातीची पाटी आणि बोरू, एवढंच सामान.

हा हिशेब ते साठाच्या पटीत करत. याचा फायदा बघा. १० ला २ आणि ५ नेच भाग जातो. ६० ला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० ने! एकाचे तीन वाटे केले तर आपलं ०.३३३... संपता संपत नाही. त्यांच्याकडे उत्तर सरळ २०, म्हणजे साठातले वीस.

पुढे बॅबिलोनियन लोकांनी याच पद्धतीत कमाल केली. येल विद्यापीठात त्यांची एक गोल पाटी आहे, क्रमांक वायबीसी ७२८९. वय साधारण ३,७०० वर्षं, आकार तळहातावर मावेल एवढा. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे कर्ण काढलेत. बाजू ३०, आणि कर्णावर आकडे १, २४, ५१, १०. आता कॅल्क्युलेटर काढा आणि करा: १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६०००. उत्तर येतं १.४१४२१३, म्हणजे दोनचं वर्गमूळ, पाच दशांश स्थळांपर्यंत बिनचूक! तेही पायथागोरसच्या आधी हजारएक वर्षं.

गंमत म्हणजे अभ्यासकांच्या मते ही पाटी कुणा पंडिताची नसून शिकणाऱ्या मुलाची असावी. थोडक्यात, त्याचं सबमिशन! आपली जर्नल्स वर्षभरात रद्दीत जातात, याचं अजून टिकून आहे.

बॅबिलोनियन लोकांकडून ही पद्धत टॉलेमीसारख्या ग्रीक खगोलशास्त्रज्ञांकडे गेली आणि तिथून फिरत फिरत आपल्या घड्याळात, थिओडोलाइटमध्ये आणि कॅल्क्युलेटरवरच्या अंश-मिनिट-सेकंदांच्या बटणात येऊन बसली.

एप्रिल २००३ मध्ये युद्धाच्या धामधुमीत बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं. सुमारे १५,००० वस्तू गेल्या. काही परत मिळाल्या, हजारो अजून बेपत्ता आहेत. पूर्वी हे वाचून मी पान उलटलं असतं. आता वाटतं, त्यातही अशीच कुणाची तरी 'रफ वही' असेल.

सर, "पुस्तकात दिलंय" हे माझं उत्तर मी मागे घेतो. पुस्तकात येण्याआधी ते कुणीतरी ओल्या मातीवर करून पाहिलं होतं.