कडप्प्याला रंग कशाला?

जुन्या ओट्याला रंग फासून स्वयंपाकघर स्वस्तात नवं करा, हा सल्ला मूळचा आपल्या घरांसाठी नाही. अमेरिकेत लाकडी भुशाच्या फळीवर फॉर्मायका चिकटवून ओटे करतात. १९१२ साली निघालेल्या या पातळ लॅमिनेटचा वरचा थर एकदा झिजला की घासून परत आणता येत नाही. म्हणून तिथे रंगाचा डबा उघडतात. अमरावतीच्या राजापेठेतल्या जुन्या घरात ओटा बहुधा कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यातून येणारा काळा चुनखडक, आणि तो आतपर्यंत तोच दगड असतो. वरचा थर गेला तरी खाली पुन्हा कडप्पाच. मग त्यावर रंग चढवून काय झाकायचं?

शिवाय तो टिकत नाही. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचं तेल दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. तिथे रंग धरत नाही. शिट्टी होऊन उतरवलेल्या कुकरचं बूड १२० अंशांच्या आसपास तापलेलं, आणि घरी लावायचे बरेच इपॉक्सी रंग त्याआधीच मऊ पडतात. त्याच ओट्यावर ठेच्याचा खलबत्ता आपटला, की पोपडे निघून कणकेत जायला वेळ लागत नाही.

ओटा खराब दिसतो तो मुख्यतः आंबटामुळे. मोरीजवळच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा: पाच मिनिटांनी पुसल्यावर पांढुरका ठिपका उरला तर चुनखडक, काहीच झालं नाही तर ग्रॅनाइट. वऱ्हाडात भर पडते ती क्षाराची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर प्रसिद्धच. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांतही नळाखाली पांढरा थर बसतो. तो काढायला लोक अॅसिड ओततात. क्षार जातो खरा, पण सोबत दगडही खाल्ला जातो.

उपाय म्हणजे पाणीकागद. आधी धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा काढायचा, मग ओला २२०, ४००, ८०० नंबरचा कागद क्रमाने गोल फिरवायचा. निघणारा काळा चिखल मोरीत सोडू नये, पाइप तुंबतो; फडक्याने टिपून टाकावा. रात्रभर वाळल्यावर खाण्याच्या जवस तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि अर्ध्या तासाने कोरडं पुसून घ्यावं. जवस हवेत सुकून पापुद्रा धरतं, शेंगदाण्याचं तेल नुसतं चिकट राहतं. ते फडकं मात्र बोळा करून फेकू नये: जवस सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. अमरावतीच्या मे महिन्यात तर नकोच.

कोणी म्हणेल, ग्रॅनाइटचं काय? तो हाताने घासून भागत नाही, पॉलिशवाल्याची मशीन लागते. टवका उडाला असेल तर काळं इपॉक्सी भरावं. आणि ओटा सिमेंटचा किंवा टाइल्सचा असेल, तर रंगाचा आग्रह मलाही पटतो. दोन डब्यांचा इपॉक्सी घ्यावा. उन्हाळ्यात तो भरभर घट्ट होतो म्हणून थोडाथोडाच कालवावा, आठवडाभर ओटा वापरू नये, आणि गरम भांड्याखाली आडणी ठेवावी. माळ्यावर उरलेला जुना ऑइलपेंट मात्र वापरू नये. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, आणि माळ्यावरचा डबा त्याआधीचा असू शकतो.