आधी मूळ बोलतं

निलंगा तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे, ‘पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळायला सांगतात. पाकिटातल्या जिवाणूंना मूळ सापडतं कसं? आणि तुरीचं पाकीट सोयाबीनला का चालत नाही?’ लातूर-नांदेडकडे खरिपात रानंच्या रानं सोयाबीनची असतात, त्यामुळे प्रश्न अगदी घरचा आहे. उत्तर शोधायला मात्र मातीतून निघून काचपट्टीवर जावं लागतं.

सुरुवात मूळ करतं, जिवाणू नव्हे. नत्राची चणचण भासली की सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डेडझीन अशी रसायनं भोवतालच्या ओलीत सोडतं. पाकिटातल्या ब्रेडीरायझोबियम जिवाणूला त्यांचा सुगावा लागतो आणि तो उलट निरोप धाडतो. साखरेचे चार-पाच दुवे आणि त्यांना मेदाची शेपटी, असा हा रेणू. त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी १९९० साली लसूणघासाच्या जिवाणूतून त्याची रचना उलगडली. दुव्यांवर कुठला रासायनिक गट कुठे बसलाय, हे जिवाणूगणिक बदलतं. पिकाचं मूळ नेमकं तेच तपासतं, म्हणून ज्या त्या पिकाचं पाकीट वेगळं.

लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा लाखावा भाग एवढा नॉड फॅक्टर पुरतो. तो पोचला की मूलकेशाच्या, म्हणजे मुळावरच्या केसासारख्या एकट्या पेशीच्या केंद्रकाभोवती कॅल्शियमचं प्रमाण मिनिटा-दोन मिनिटांनी चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. एरहार्ट, वेस आणि शॅरन लाँग या संशोधकांनी १९९६ मध्ये हे लसूणघासाच्या मूलकेशात पाहिलं. पुढे मूलकेशाचं टोक वळतं, जिवाणूला कवेत घेतं आणि नत्र बांधणाऱ्या गाठीची तयारी सुरू होते.

हे सगळं जिवंत पेशीत, तिला न दुखावता आणि तासन्‌तास पाहायचं तर सोय काय? मातीत काही दिसत नाही. बशीत मूळ ठेवलं तर भोवतालचं द्रावण हवं तेव्हा, हवं तिथेच बदलता येत नाही. इथे मायक्रोफ्लुइडिक चिप उपयोगी पडते. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या मदतीने केसाएवढ्या जाडीच्या रेघांचा साचा करायचा, त्यावर पीडीएमएस हे पारदर्शक सिलिकोन रबर ओतायचं, भाजून घट्ट झालं की सोलून काढायचं आणि काचेवर चिकटवायचं. रेघांच्या जागी बोगदे तयार. मूळ त्यात शिरतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाढत राहतं.

या बोगद्यांमधलं पाणी आपल्या ओळखीचं नाही. त्यात भोवरे नाहीत, उसळी नाही. एकाच रस्त्यानं दोन दिंड्या शेजारी शेजारी चालाव्यात, दोघींचा टाळ-मृदंग वेगळा राहावा, फक्त कडेचा एखादा वारकरी इकडून तिकडे जावा, तशा दोन धारा न मिसळता वाहतात. ओसबोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून शांत आणि खवळलेल्या प्रवाहातला फरक दाखवला होता. माझं मन मात्र एडवर्ड पर्सेलपाशी रेंगाळतं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेला हा गडी १९७७ च्या एका लेखात जिवाणूच्या पोहण्याचा हिशेब मांडत बसला. जिवाणूनं शेपटी थांबवली तर तो पुढे किती घरंगळेल? उत्तर आलं, एका अणूच्या रुंदीइतकंही नाही! पाण्यातला जिवाणू म्हणजे जवळजवळ डांबरात पोहणारा प्राणी. मुळापर्यंत पोचायला त्याला क्षणाक्षणाला जोर लावावा लागतो.

मुळासाठीची अशी चिप, ‘रूटचिप’, गुइडो ग्रॉसमन, वुल्फ फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडली. २०१८ मध्ये क्लेअर स्टॅनली आणि ग्रॉसमन यांच्या चमूनं एकाच मुळाच्या दोन बाजूंना दोन वेगळी द्रावणं वाहती ठेवून पाहिली. मुळाच्या दोन्ही कडा आपापल्या बाजूच्या परिस्थितीप्रमाणे वागल्या. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटानं २०१७ मध्ये चिपमधल्या मुळाकडे बॅसिलस जिवाणू कसे जमतात, त्याचं थेट चित्रण केलं.

आता थोडं मीठ-मिरची बाजूला ठेवू. या तिन्ही प्रयोगांतलं रोप अरेबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं. त्याला गाठी येतच नाहीत! शिवाय चिपमध्ये लातूरची काळी माती नाही, तिच्या भेगा नाहीत, पेरणीनंतरची तीन आठवड्यांची उघडीप नाही, इतर हजारो जातींचे जिवाणू नाहीत. ‘चिपमुळे शेतीत क्रांती’ असा मथळा दिसला की हे आठवावं. चिप पेशींचं बोलणं दाखवते, पीक पिकवत नाही.

भारतात हा विषय जुना आहे. एन. व्ही. जोशी यांनी शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंचा अभ्यास १९२० साली प्रसिद्ध केला. तेव्हा ना चिप होती, ना सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारी रसायनं. पाकिटं मात्र आज तालुक्याच्या दुकानात मिळतात, परभणीच्या कृषी विद्यापीठात बाटलीतूनही मिळतात, आणि जोशींचं नाव घेणारा क्वचितच कुणी भेटतो. परदेशी चिपवर पानभर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी ते घ्यायला हवं.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट एवढीच की बोलणं मूळ सुरू करतं, तेही भूक लागली तर. नत्र आयतं मिळालं की मूळ गाठी धरणं आवरतं घेतं. म्हणून शिफारशीची मात्रा दिल्यावर वर युरियाचा हात सैल सोडू नये. बुरशीनाशक आधी लावावं, जिवाणू संवर्धक शेवटी, आणि बी सावलीत सुकवावं. फुलोऱ्याच्या सुमारास दोन-चार झाडं मुळासकट हलकेच उपटा, गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती नत्र बांधते आहे. तो रंग लेगहीमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर युरियाच्या पोत्याला हात घालण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना ती झाडं दाखवा.