हुगळीचा गाळ आणि इलिश

कोलकात्याच्या घाटावर उभे राहिले असता हुगळी दिवसातून दोनदा उलटी वाहताना दिसते. समुद्राची भरती शहराच्याही वर पुष्कळ अंतरापर्यंत चढते. ही भरती येते झपाट्याने. ओहोटी मात्र रमतगमत परतते. येताना उचललेला गाळ परत नेण्याचे बळ तिच्या अंगी नसते. ते काम पावसाळी पुराचे. पूर ही या नदीची केरसुणी होय.

गंगेचा मुख्य प्रवाह फार पूर्वीच पद्मेकडे वळला होता. हुगळीचा वरचा भाग म्हणजे भागीरथी. तिचे मुख उन्हाळ्यात वाळूने बुजू लागले होते. त्यातच, शहराच्या खालच्या अंगाला हुगळीस मिळणाऱ्या दामोदराच्या खोऱ्यात 1953 ते 1959 या काळात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही धरणे उभी राहिली. दामोदराला ‘बंगालचे दुःख’ म्हणत. ते दुःख आवरले याचा आनंद रास्तच होता; ज्याचे घर बुडते त्याला पुराचे गुण कोणी सांगावेत? तथापि अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी बजावले की, दामोदराचा पूर अडला म्हणजे हुगळीतला गाळही हलणार नाही.

मग बंदर वाचविण्यासाठी फराक्का येथे गंगेवर सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा झाला. 1975 साली सुमारे 38 किलोमीटरच्या कालव्यातून भागीरथीत पाणी सोडण्यात आले. दर सेकंदाला 40,000 घनफूट, असा मूळ हिशेब होता. भट्टाचार्यांचा याही योजनेला विरोध होता. शहराच्या पाण्याचा खारटपणा उतरला, हा लाभ खरा. पण गाळ काही हटला नाही. मोठ्या जहाजांसाठी 1977 साली हल्दियाची गोदी सुरू झाली आणि नदीमुखातला गाळ यंत्रांनी उपसणे चालूच राहिले. बंधाऱ्याच्या वर, माल्दा जिल्ह्यात, गंगा काठ खात सुटली. गावेच्या गावे तिच्या पोटात गेली.

इलिश माशाची कथा आणखी निराळी. तो वाढतो समुद्रात, पण अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात चढतो. पूर्वी तो अलाहाबादपर्यंत, क्वचित त्याच्याही पुढे पोहोचत असे. बंधाऱ्यात माशांसाठी वाट ठेवली होती. तिचा फारसा उपयोग झाला नाही. बक्सर-पाटण्याच्या कोळ्यांच्या जाळ्यांतून इलिश जवळजवळ नाहीसाच झाला. कोलकात्याच्या बाजारात पावसाळा लागला की आजही त्याची वाट पाहतात. तो येतोही, पण बहुधा डायमंड हार्बरकडून, समुद्रातल्या होड्यांतून, आणि पुष्कळदा पुरता वाढण्याआधीच पकडलेला.