एकरी ११७ टन तांबं

पुण्याजवळच्या मांजरीतल्या कुठल्याही एका एकराखाली, बोअरवेल सहज जाते तेवढ्या म्हणजे १०० मीटर खोलीपर्यंत, साधारण ११७ टन तांबं आहे. सोनंही आहे, दोन ते साडेतीन किलो. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही आणि त्यापायी जमिनीचा भाव एका रुपयानेही वाढू नये. पण हिशेब खरा आहे.

तो असा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, घनमीटरला सुमारे २.९ टन भरतो. १०० मीटरपर्यंतचा सगळा धरला तर पावणेबारा लाख टन. बेसॉल्टमध्ये टनाला साधारण १०० ग्रॅम तांबं असतं आणि दोन-तीन मिलिग्रॅम सोनं. गुणाकार करून पाहा. आता तोच हिशेब उलटा: एक तोळा, म्हणजे हल्लीचे १० ग्रॅम, हवं असेल तर ३,३०० टनांहून जास्त दगड फोडून पिठासारखा दळावा लागेल. २० टनांचा हायवा धरला तर १६७ खेपा. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र याच मांजरीत आहे. द्राक्षबागेवर बोर्डो फवारण्यासाठी लागणारं मोरचूद, ज्यात पाव हिस्सा तांबं असतं, ते बागायतदार दुकानातून किलोवर विकत आणतो. तो शहाणा आहे.

धातू सगळीकडेच आहे. खाण होते ती त्याची एके ठिकाणी दाटी झाली तरच. तांब्याची दाटी शंभरेक पट वाढावी लागते: गोंदियापलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला टनाला दहा किलोच्या आसपास तांबं मिळतं. सोन्याची दाटी हजार पट वाढून टनाला काही ग्रॅम झाली, तर कुठे खाणवाला खुर्चीत सरसावून बसतो. ही दाटी करतं जमिनीच्या पोटातलं उकळतं खारं पाणी, खडकाच्या भेगांतून लाखो वर्षं फिरत.

आणि गंमत म्हणजे, सोनं शोधणाऱ्या एकाही भूभौतिक यंत्राला सोनं दिसत नाही. टनाला तीन ग्रॅम म्हणजे दहा लाखांत तीन भाग. जमिनीवर उभं राहून ते जाणवणारं उपकरण नाही. शोधतात ते सोन्याचे शेजारी: गंधकयुक्त खनिजं, गारेच्या शिरा, खडकातले जुने भंग. गारेचा विजेला होणारा विरोध आणि शुद्ध तांब्याचा विरोध यांत एकावर अठरा शून्यं एवढी तफावत असते. म्हणून जमिनीत पोलादी खुंट्या ठोकून काही अँपिअर वीज सोडतात आणि एकदम तोडतात. विद्युतदाब तत्क्षणी शून्य व्हायला हवा. पण खडकात गंधकयुक्त खनिजांचे कण विखुरलेले असतील तर वीज त्यांच्या पृष्ठावर साठून राहते आणि दाब सेकंदाच्या काही अंशांपर्यंत रेंगाळतो. मोजायचा तो हा उरलेला दाब, व्होल्टचे हजारांश. तांब्याचं खनिज आणि बिनकामाचं लोहमाक्षिक, दोघंही असेच रेंगाळतात, ही यातली खरी डोकेदुखी.

खुंट्या आणि तारांचा खेळ मांजरीकरांना नवा नाही. बोअर कुठे घ्यायची हे ठरवताना चार खुंट्या एका रेषेत ठोकून तारा लांबवत नेणारे लोक इथल्या शेतांत दिसतात. पुण्यात मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाण्यासाठी हीच पद्धत वापरते. खुंट्यांच्या त्या मांडणीला श्लुंबर्जे म्हणतात. कॉनराड श्लुंबर्जेने १९१२ मध्ये नॉर्मंडीत विजेचे पहिले प्रयोग केले ते पाण्यासाठी नव्हे, खनिजासाठी.

शोधाचं दुसरं यंत्र म्हणजे चुंबकमापक. त्याचे आकडे आणखी भन्नाट आहेत. पुण्याच्या परिसरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४२,००० नॅनोटेस्ला. सीझियमच्या वाफेवर चालणारं उपकरण यात एक हजारांश नॅनोटेस्लाचा फरक ओळखतं, म्हणजे चार कोटी वीस लाखांत एक. पण एवढं हळवं यंत्र भलत्याच गोष्टींनीही दचकतं. सूर्यामुळे हे क्षेत्र रोजच दिवसभरात कित्येक नॅनोटेस्लांनी वरखाली होतं. सप्टेंबर १८५९च्या सौरवादळात तर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने आडव्या घटकात १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ही मापनं १९०४ मध्ये अलिबागला हलवली. मांजरीत तर पुणे-दौंड लोहमार्गावर २५,००० व्होल्टच्या तारा आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे खुद्द बेसॉल्ट चुंबकीय आहे.

खरी अडचण हा बेसॉल्टच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेत. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग त्याखाली आहे. ज्या जुन्या खडकांत तांबं-सोनं दाटतं ते याच्या तळाशी. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतली तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. कोयना परिसरात गोठणे इथल्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये तो १,२४७ मीटरपर्यंत होता. मांजरीखाली एक किलोमीटर धरू. समजा त्या खोलीवर १०० मीटर व्यासाचा, २० लाख टनांचा, भोवतालच्या खडकाहून घनमीटरला एक टन जड असा खनिजाचा गोळा आहे. वर गुरुत्वाकर्षण किती वाढेल? एकूण ९८ कोटी मायक्रोगॅलमध्ये साडेतीन. उपकरण एक सेंटिमीटर उचललं तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो. हाच गोळा १०० मीटरवर असता तर शंभरपट स्पष्ट दिसला असता.

म्हणून महाराष्ट्रातलं तांबं-सोनं मुख्यतः पूर्वेला, जिथे हे थर संपतात आणि जुने खडक उघडे पडतात, तिथे सापडतं: चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना, नागपूर जिल्ह्यात पुलर-परसोडी. खाणींवर देखरेख ठेवणारी मंडळीही तिकडेच. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरातच आहे.

आता सगळं राज्य विमानातून पाहायचं ठरवलं तर? तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटर, ३०० मीटर अंतराने ओळी: दहा लाख किलोमीटरहून जास्त उड्डाण. चंद्रावर जाऊन परत यायचं आणि पुन्हा निम्म्याहून जास्त वाट तुडवायची. सेकंदाला ६० मीटर वेग आणि दर सेकंदाला दहा वाचनं धरली तर १७ कोटी वाचनं. त्यातून संशयाच्या जागा निघतात, खाण नव्हे. शेवटी बोअर घ्यावीच लागते. नेहमीच्या गाभ्याचा व्यास पावणेपाच सेंटिमीटर. दर १०० मीटरला एक बोअर घेतली तर खडकाचा ५६ लाखांत एक भाग प्रत्यक्ष हाती येतो, बाकीचा तर्क.

इतका खटाटोप कशासाठी? कर्नाटकातल्या कोलारच्या खाणीने सव्वाशे वर्षांच्या आसपास आठशेएक टन सोनं दिलं आणि २००१ मध्ये ती खाण बंद झाली. आज तेवढं सोनं भारत जवळपास दर वर्षी बाहेरून आणतो.

त्यामुळे 'सोनं सापडलं' म्हटलं की आपले कान टवकारतात. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३,३५० टन सोनं सापडल्याची बातमी देशभर गाजली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: ५२,८०६ टन खनिज, टनाला ३.०३ ग्रॅम, म्हणजे १६० किलो. फुगवटा जवळजवळ २१ हजार पट. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोनं असल्याचं आपल्याही राज्यात जाहीर झालं. पुढची अशी बातमी येईल तेव्हा चारच आकडे विचारा: टनाला किती ग्रॅम, एकूण किती टन, किती खोल, आणि किती बोअरवरून काढलेला अंदाज. ते मिळाले नाहीत तर त्या भागात जमीन घ्यायला पळू नका.